आईंच्या मागे पाच इमू

१२ नोव्हेंबर

वन्सं,

फोनवर आपण दोघी एकदम बोलायला लागतो आणि थोड्याच वेळात कुणीतरी फोन ठेवून देतं. परवा तो मी ठेवला. म्हणून हे पत्र. पत्रात निदान एकमेकींना मध्येच तोडता येत नाही.

तुम्ही म्हणालात, "आईला त्या शहामृगांच्या ताब्यात देऊन तू मोकळी झालीस." तर आधी हे की ती शहामृगं नाहीत, इमू आहेत. शहामृगापेक्षा ठेंगणे, पण माझ्यापेक्षा उंच. अंगावर पिसं कसली, न विंचरलेले केसच लोंबताहेत असं वाटतं. डोळे नारिंगी. चेहऱ्यावर कायम असा भाव, की आपल्याला भलत्याच घरी आणून सोडलंय.

गाद्या शिवायचा कारखाना बंद पडल्यापासून माझे हात रिकामे होते. तुमचा दादा बोटीवर, उन्हाळ्यापर्यंत येत नाही. मागचं शेत बाबा गेल्यापासून तसंच पडलेलं. रस्त्याच्या टोकाला जे म्हातारे गृहस्थ इमू पाळायचे, त्यांना आता ते झेपेना. मी म्हटलं, मला द्या. सगळ्यांनी विचारलं, गाय का नाही, कोंबड्या का नाही. मला ते आवडले, एवढंच.

आता आईंचं. दीड वर्ष त्या खोलीतून बाहेर आलेल्या नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पडदा ओढलेला, जेवणाचं ताट दारातून आत आणि दारातूनच बाहेर. इमू आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मादीने आवाज काढला. तिच्या गळ्यात एक पिशवी असते, ती फुगवली की रिकाम्या पिंपावर मूठ आपटल्यासारखा आवाज येतो. मी भांडी घासत होते. मागून आवाज आला, "दार कुणी वाजवतंय आणि तू उघडत का नाहीस?"

आई उभ्या होत्या. स्वयंपाकघरात, चपला घालून.

मी मागचं दार उघडलं. त्या सरळ कुंपणापर्यंत गेल्या. मादीने मान बाहेर काढून त्यांच्या गाऊनचं बटण ओढलं. आईंनी तिच्या चोचीवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "अजिबात शिस्त लावलेली नाही."

वन्सं, सगळी हयात शाळेत पी.टी. शिकवलेल्या बाईच्या तोंडी शिस्त हा शब्द मी दीड वर्षाने ऐकला. थोडा वेळ द्या. आत्ताच त्यांना शहरात नेऊ नका.

तुमची,
वहिनी

२१ नोव्हेंबर

वहिनी,

फोन ठेवल्याचा राग गेला. बटणाचं वाचून हसले पण.

पण मी हाडांच्या वॉर्डात काम करते हे विसरू नकोस. आईच्या वयाच्या बायका रोज येतात आमच्याकडे. कुणी न्हाणीघरात घसरलेली, कुणी पायपुसण्याला अडखळलेली. खुबा मोडला की माणूस खाटेला लागतं, आणि पुढचं मी लिहीत नाही. तुझ्याकडे तर पायपुसणं नाही, लाथ मारणारा पक्षी आहे. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "इमूची लाथ? मला बघायला आवडेल." डॉक्टरच ते.

माझ्या घरात आईसाठी खोली तयार आहे. रंग दिलाय, न्हाणीघरात धरायला दांडे लावून घेतलेत. फेब्रुवारीच्या शेवटी मी रजा घेऊन येते आणि तिला घेऊन जाते. तोवर माझ्या दोन अटी. आईने कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि मला खरं ते कळवायचं, गोड करून नाही.

दादाला यातलं काही कळवू नकोस. तो समुद्रात बसून नुसती काळजी करेल.

तुझी नणंद

१० जानेवारी

वन्सं,

उशीर झाला, पण इकडे घडामोडी फार.

मादीने अंडी घातली. तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो. अंडी गर्द हिरवी, जवळजवळ काळी, हातात घेतलं तर घासून गुळगुळीत केलेल्या दगडासारखं लागतं. घातली आणि बाईसाहेब चालत्या झाल्या, मागे वळून बघितलंसुद्धा नाही. अंड्यांवर बसतो तो नर. हा रोज सकाळी मान ताठ करून कुंपणालगत फेरी मारायचा, म्हणून आईंनी त्याचं नाव मुकादम ठेवलंय. आता मुकादम झाडाखाली बसलाय तो बसलाय. खाणं नाही, पाणी नाही. मधूनच उठतो, चोचीने अंडी फिरवतो, परत बसतो. आई म्हणाल्या, "या घरात पुरुषमाणसाने एवढं केलेलं मी पहिल्यांदाच बघतेय."

आई रोज जेवण झालं की त्याच्याजवळ बसतात. खुर्ची कुंपणाच्या बाहेर टाकलेली असते. आधी नुसत्या बसायच्या, हल्ली त्याच्याशी बोलतात. मी गेले की थांबतात.

आता वाईट बातमी. गेल्या आठवड्यात माझ्याकडून फाटकाची कडी नीट लागली नाही. दोन इमू शेजारच्या रोपवाटिकेत शिरले आणि कोबीच्या रोपांच्या ओळीच्या ओळी फस्त करून आले. रोपवाटिकावाल्यांनी वस्तीच्या समितीकडे तक्रार केली आहे. ते लबाड नाहीत हो, त्यांचं नुकसान झालंय. पण आता आठ फेब्रुवारीला शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे, आणि ठराव झाला तर इमू इथून जातील. कुठे जातील हे कुणाला माहीत नाही, आणि मला माहीत करून घ्यायचंही नाही.

तुमच्या मनासारखं होईल, असं म्हणणार होते. पण ते फोनवरचं भांडण झालं. खोडते.

वहिनी

१९ जानेवारी

वहिनी,

तू ते खोडलं नाहीस, नीट वाचता येतंय.

मी काही इमूंच्या वाईटावर नाही. बैठकीत काय बोलणार आहेस ते ठरवून ठेव. रडू नकोस. लोक रडणाऱ्याला पाणी देतात आणि ठराव पास करतात.

एक विचारायचं होतं, तू हसणार नसशील तर. आई त्याच्याशी काय बोलते?

मी दर रविवारी फोन करते. "बरी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." मग ती म्हणते, "ठेवते, तुझं काम असेल." बाबा गेल्यापासून मला तिचे एवढेच शब्द मिळतात. आणि एका पक्ष्याशी ती सारी दुपार बोलते. मला वाटतं, मी खोलीचं बोलते म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. तिला माझ्याकडे यायचंच नसेल.

आणि खुर्ची खरंच बाहेर असते ना? तुझं ते वाक्य जरा जास्तच सरळ वाटलं.

तुझी नणंद

९ फेब्रुवारी

वन्सं,

आई ठीक आहेत. हे सगळ्यात आधी. हाड मोडलेलं नाही, डॉक्टरांनी तपासलं, नुसतं कोपर खरचटलंय. आता खुर्चीत बसून बाकी सगळं वाचा.

दुसरं हे की खुर्ची बाहेर नव्हती. जानेवारीपासून आत आहे. आई स्वतः फाटक उघडून आत जातात, मुकादमापासून दोन हातांवर बसतात. मी अडवलं नाही, कारण अडवलं असतं तर त्या परत खोलीत गेल्या असत्या. तुम्ही रागवाल, रागवा.

काल सकाळपासून वारा होता. दुपारी बैठक, म्हणून मी इस्त्री करत होते. मोठा आवाज झाला आणि कुंपणावर मागचं जुनं झाड आडवं पडलं. मी धावत गेले तोवर बाईसाहेब आणि चौघं पडलेल्या खोडावर पाय देऊन पलीकडे. मुकादम तेवढा अंड्यांवर बसून राहिला. झाडाच्या फांद्या त्याच्या पाठीला लागत होत्या, तरी हलला नाही.

मी रस्त्याने त्यांच्यामागे धावले. तुम्हाला सांगते, इमूच्या मागे धावू नये. आपण जितकं धावतो तितकं त्यांना वाटतं, पळायचंच आहे. ते उतारावरून बाजाररस्त्याला लागले. सायकलवाला सायकल टाकून दुकानात शिरला, बेकरीवाल्याने शटर अर्धं ओढलं. रस्त्याच्या शेवटी रोपवाटिकावाल्यांचं रोपं विकायचं काचघर आहे, सगळं काचेचं. इमूला काच दिसत नाही, त्याला फक्त आतली हिरवळ दिसते. एवढे मोठे पाच पक्षी त्या वेगात त्या काचेत गेले असते, तर ते मेले असते, आणि आत काम करणाऱ्या बायकांचं काय झालं असतं मला विचारवत नाही. माझा श्वास संपला होता. मला फक्त ओरडता येत होतं, आणि माझ्या ओरडण्याने ते आणखी जोरात पळत होते.

तेवढ्यात समोरच्या गल्लीतून आई आल्या. मागच्या वाटेने, शाळेच्या बाजूने. कशा आल्या, एवढ्या लवकर कशा, मला ठाऊक नाही. गाऊनवर बाबांचा कोट, पायात त्यांचे लाल लोकरी मोजे, चपला नाहीत. त्या रस्त्याच्या मध्यावर आल्या, हात पसरले आणि रस्त्याच्या गुळगुळीत फरशीवरून त्यांचा पाय सरकला. पाठीवर पडल्या. दोन्ही पाय वर.

माझ्या डोळ्यांसमोर तुमचा वॉर्ड आला.

पण वन्सं, बाईसाहेब थांबल्या. लाल मोजे हवेत हलत होते आणि त्या मान वाकडी करून बघत राहिल्या. मागचे चौघं बाईसाहेबांवर आदळले आणि तेही बघायला लागले. मी पोचले, आईंना उचलायला वाकले. आई खालच्या आवाजात म्हणाल्या, "हात लावू नकोस. बघ, येताहेत."

आणि त्यांनी सायकल सुरू केली. पाठीवर पडून पाय फिरवायचे, शाळेत मुलींना शिकवायच्या तो व्यायाम. हळू, लयीत, तोंडाने "एक-दोन, एक-दोन." पाचही इमू पाऊल-पाऊल टाकत जवळ आले आणि त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. एकाने मोजा चोचीत धरला. आईंनी म्हटलं, "सोड," आणि त्याने सोडला.

शाळेच्या हॉलमध्ये बैठकीला जमलेली माणसं पायऱ्यांवर येऊन उभी होती. रोपवाटिकावाले पुढे झाले. आईंनी पडल्या-पडल्या त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू आठवी ब मधला. उंच उडीला घाबरायचास. हात दे." त्यांनी हात दिला. आई उठल्या, कोट झटकला आणि शाळेच्या मैदानाकडे चालायला लागल्या. पाच इमू त्यांच्या मागे, एका रांगेत. जेव्हा एखादा रेंगाळायचा, तेव्हा आई थांबून एक पाय हवेत झटकायच्या, की तो परत रांगेत. त्या मैदानात शिरल्या, मधोमध गवतावर आडव्या झाल्या आणि पुन्हा सायकल. मी आणि रोपवाटिकावाल्यांनी मिळून मोठं फाटक ओढून घेतलं.

मग टाळ्या पडल्या. निम्मी वस्ती आईंच्या हाताखालून गेलेली. त्या गवतावर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "टाळ्या पुरे. त्यांना घरी कसं न्यायचं ते बघा."

बैठक अशी झालीच नाही. मैदानावर उभ्या-उभ्याच रोपवाटिकावाले म्हणाले, की त्यांच्या बाजूचं कुंपण ते आणि मी मिळून उंच करू, आणि तक्रार ते मागे घेतात. कुणाची काही हरकत? कुणाची नव्हती. संध्याकाळी त्यांच्याच टेम्पोतून एकेक इमू घरी आणला. मागून पोटाशी घट्ट कवटाळून चढवावा लागतो. बाईसाहेबांना कवटाळताना त्यांचा चष्मा गेला, त्याबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत.

मुकादम अंड्यांवरच होता. फांद्या मी कापल्या. आईंनी खुर्ची ओढली आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मी गेले तरी थांबल्या नाहीत.

वहिनी

१४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत उघडलं. "आई ठीक आहेत" एवढे शब्द वाचून मी आहे तिथे खाली बसले. कोणी असं पत्र सुरू करतं का? पण दुसरं कसं सुरू करणार होतीस, तेही खरं.

मग वाचत गेले. आमच्या मोठ्या सिस्टरांनी विचारलं, काय झालं, रडतेयस की हसतेयस. मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी सगळा वॉर्ड ऐकत होता. दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये असलेले एक गृहस्थ म्हणाले, "त्या बाईंना इथं आणा." एका आजींनी, ज्या ऑपरेशननंतर खाटेवरून उठायलाच तयार नव्हत्या, मला बोलावून हळूच विचारलं, की तो व्यायाम बसून करता येतो का.

खुर्चीबद्दल मी रागावले आहे. खूप. ते समोर आल्यावर.

बावीसला सकाळी पोचते. ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन. काय करायचं ते मी ठरवलेलं नाही, आणि मला प्लीज कुणी काही सुचवू नका. कोपरावर काही बांधलंय का? ओलं करू देऊ नकोस.

तुझी नणंद

२ मार्च

वहिनी,

नीट पोचले. गाडीत मागची सीट रिकामी होती, तू बघितलंसच. तू फाटकात उभी होतीस आणि तुला काही विचारायचं होतं, ते तू विचारलं नाहीस. म्हणून सांगते.

पिल्लं निघाली त्या सकाळी तू आणि रोपवाटिकावाले कुंपणाला खांब रोवत होतात. मी आणि आई शेतात मुकादमाजवळ होतो. सगळी पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं मुकादमाच्या पोटाखालून बाहेर येऊन लडबडत चालायला लागली, आणि एक तिथंच राहिलं. त्याचे पाय दोन्हीकडे फाकत होते, उभं राहायला गेलं की पोटावर आपटायचं. तू म्हणाली होतीस की असं पिल्लू सहसा जगत नाही. आई माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "हाडांची नर्स ना तू? मग बघतेस काय?"

मी ते उचलून शेडमध्ये नेलं आणि मांडीवर घेतलं. केवढं ऊन होतं त्याचं अंग. खुबा जागेवर होता, मोडलेलं काही नव्हतं, नुसते पाय घसरत होते. माझ्या पिशवीतल्या मऊ बँडेजने दोन्ही पाय सरळ राहतील एवढ्या अंतरावर बांधले, मध्ये मोकळं सोडून. शेडच्या गुळगुळीत जमिनीवर जुनं पोतं अंथरलं, म्हणजे नखांना पकड मिळेल. ते उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. मी हात पुढे केला तर आईने धरला. म्हणाली, "पडू दे. उठतंय ते."

मग तिथंच बसून ती बोलायला लागली. मुकादमाशी काय बोलते ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांबद्दल. त्याला आधीचं काही ठाऊक नाही ना, पहिल्यापासून सांगावं लागतं. सांगताना मला बरं वाटतं." मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तू फोनवर माझी तब्येत विचारतेस, बाबांचं कधी विचारलंस?"

खरं होतं ते. मी तिला रडू येईल म्हणून विचारत नव्हते. ती मला रडू येईल म्हणून सांगत नव्हती.

मग तिने मला सांगितलं. संध्याकाळपर्यंत. तू चहा घेऊन आलीस आणि आम्ही दोघी पोत्यावर बसून हसत होतो, तो प्रसंग बाबा पोहायला शिकत होते त्या दिवसाचा. तुला ती सांगेल, तिला विचार.

मी तिला चल म्हटलंच नाही. खुर्ची बाहेर काढायलाही सांगितलं नाही. फक्त तिला रबरी तळाचे बूट घालायला लाव. मोज्यांवर नको.

पिल्लाचं कळव.

तुझी नणंद

१२ मार्च

चिमणे,

वहिनी म्हणाली मी लिहू का, मी म्हटलं मला हात आहेत.

बँडेज काल काढलं. तू बांधलं होतंस तसंच होतं, सैल नाही पडलं. मी, वहिनी आणि तो आठवी ब मधला, तिघं शेडच्या दारात उभे होतो. पिल्लू बांधल्यासारखंच उभं राहिलं, त्याला पाय सुटल्याचं कळलंच नाही. मग बाहेरून मुकादमाने घशातून घुर्र केलं. इतर पिल्लं त्याच्याकडे निघाली, आणि हेही निघालं. आधी चाललं. मग मध्येच थांबून स्वतःच्या पायांकडे पाहिलं त्याने, मी खोटं सांगत नाही. आणि जे सुटलं ते सगळ्यांच्या पुढे. मुकादमाच्या पायांतून आरपार, शेताच्या त्या टोकापर्यंत, वळलं आणि परत. पाय एकदम सरळ. मी इतकी वर्षं मुलींना पळायला शिकवलं, एवढं सरळ पळणारं एकही मिळालं नव्हतं.

वहिनी रडली. तिला रडू दिलं, इतके दिवस एकटीने ओढलंय तिने. तुझ्या दादाला तिने आज मोठं पत्र लिहिलंय. त्याला वाटतंय आपण कोंबड्या पाळतो. येऊ दे त्याला.

एप्रिलमध्ये मी तुझ्याकडे येते. आठवडाभर, जास्त नाही, पिल्लांची वाढ चुकवायची नाही मला. बसने येते, घ्यायला येऊ नकोस. तुझ्या त्या वॉर्डातल्या आजींना सांग, सायकलचा व्यायाम बसून होतो, पण पाठ ताठ हवी. आल्यावर मी स्वतः करून घेईन. आणि रात्री जेवणानंतर तू मला बाबांचं काहीतरी सांगायचंस. तुला आठवतं ते. माझं सगळं सांगून झालंय.

आता खरं कशासाठी लिहायला बसले ते. पिल्लू परत येताना माझ्या बाजूने वळलं, माझ्या पुढून गेलं, आणि मी त्याच्यामागे धावले. चालले नाही. धावले. बूट घातलेले होते. वहिनीने तोंडावर हात ठेवला. शेताच्या मध्यापर्यंत गेले आणि दम लागला म्हणून थांबले, बाकी काही झालं नाही. उभी राहिले. पिल्लं माझ्याभोवती फिरत होती, वर ऊन होतं, छातीत जोरात धडधडत होतं आणि ते धडधडणं मला आवडत होतं.

कुणाला सांगू नकोस. नाही, सांग. वॉर्डात सगळ्यांना सांग.

तुझी आई